कासावलीच्या टेकडीवर भुतं शोधायला येणाऱ्यांना खुलं पत्र

प्रिय व्हिडिओकार मंडळी,

सप्रेम नमस्कार.

'गोव्यातल्या सगळ्यात भयानक जागा' असं नाव दिलेला मराठी व्हिडिओ समोर आला की त्यात काय असणार हे मी आता न बघता सांगू शकते. राया गावातला इगर्जीजवळचा, म्हणजे चर्चजवळचा बांध असणार, आणि 'थ्री किंग्ज चर्च', म्हणजे कासावलीच्या टेकडीवरचं देऊळ, तर असणारच. गाडीच्या दिव्यात चढणीचा रस्ता, मधेच दबलेल्या आवाजात "ऐकलंस का रे?", मग टॉर्चच्या उजेडात एक बंद दार, आणि त्या दारावर घातलेलं तेच ते घुमणारं संगीत. खाली प्रतिक्रियांमध्ये लोक एकमेकांना घाबरवतात आणि पुढच्या शनिवारचे बेत ठरवतात.

मी वास्कोत राहते. माहेर वेंगुर्ल्याचं. भुतांच्या गोष्टी ऐकतच वाढले, आणि कुणी रंगवून सांगितली तर हातातलं काम टाकून आजही ऐकते. त्यामुळे हे पत्र अंधश्रद्धेवरचं व्याख्यान समजू नका. तुमची ही एक गोष्ट मात्र खोटी आहे, रचलीही आळसाने आहे, आणि ती अशा जागेला चिकटवली आहे जिथे माणसं आजही आजारपणं, परीक्षा आणि दर्यावर गेलेली मुलं यांच्यासाठी प्रार्थना करायला चढून जातात. म्हणून लिहिते.

आधी गोष्ट. ती तुम्ही अशी सांगता: पोर्तुगीज काळात या मुलखात तीन राजे होते, तिघांचं सत्तेवरून वैर. होल्गर नावाच्या राजाने बाकीच्या दोघांना टेकडीवरच्या चर्चमध्ये जेवायला बोलावून विष घातलं. लोक खवळून चाल करून आले तेव्हा त्याने तेच विष स्वतः घेतलं. तिघांना तिथेच पुरलं, आणि तेव्हापासून त्यांची भांडणं रात्री चालू असतात.

टेकडीवरचं हे देऊळ १५९९ सालचं आहे. फादर गोन्सालो कार्व्हाल्यो यांनी ते उभारलं. त्या साली गोव्यात राजा असण्याचा प्रश्नच नव्हता, खुद्द पोर्तुगालला स्वतःचा वेगळा राजा नव्हता. १५८० पासून १६४० पर्यंत पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजघराण्याकडे होता, आणि १५९९ मध्ये गादीवर असलेला फिलिप तिकडे स्पेनमध्ये बसून राज्य करत होता. इथला कारभार त्याच्या नावाने व्हाइसरॉय बघायचा. तेव्हाचा व्हाइसरॉय होता फ्रान्सिस्को द गामा, वास्को द गामाचा पणतू. जुन्या गोव्यात दिवाडीच्या फेरीकडे जाताना ज्या कमानीखालून तुम्ही जाता, ती याच्याच कारकिर्दीतली. पोर्तुगीजांची गोव्यातली सत्ता साडेचारशे वर्षांची, पण त्या सगळ्या काळात गादीवर असलेला त्यांचा एकही राजा इथे आला नाही. आणि होल्गर? हे नाव तर डेन्मार्क-स्वीडनकडचं. सिंहगडाचा किल्लेदार म्हणून कुणी जॉर्ज सांगावा, तसा हा प्रकार आहे. शोधायला पाच मिनिटं पुरली असती. तेवढा वेळ तुम्ही नुसत्या थंबनेलवरची लाल अक्षरं निवडण्यात घालवता.

मग तीन राजे आले कुठून? मत्तयच्या शुभवर्तमानातून, दुसऱ्या अध्यायातून. पूर्वेकडचे काही ज्ञानी लोक, मराठी बायबलात ज्यांना मागी म्हटलंय, आकाशात एक तारा बघतात आणि त्याच्या मागाने बेथलेहेमला येतात. नुकत्याच जन्मलेल्या येशूपुढे सोनं, ऊद आणि गंधरस ठेवतात. ते तीन होते असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. नजराणे तीन, म्हणून माणसं तीन धरली गेली. ते राजे होते असंही लिहिलेलं नाही. राजेपण आणि गास्पार, मेल्किओर, बाल्थाझार ही नावं मागाहून परंपरेने दिली. म्हणजे ज्यांना तुम्ही एकमेकांचे खुनी ठरवलंत ते या गोष्टीपुरते तीन वाटसरू आहेत. मूळ कथेत एक खुनशी राजा खरोखरच आहे. तो हेरोद. बाळाचा पत्ता काढून मला येऊन सांगा, असं तो या मागींना गोडीगुलाबीने सांगतो. त्याचा डाव त्यांना स्वप्नात कळतो आणि ते दुसऱ्या वाटेने आपल्या देशाला निघून जातात. चिडलेला हेरोद मग बेथलेहेममधली दोन वर्षांच्या आतली मुलं मारून टाकतो. अंगावर काटाच हवा असेल तर हे कमी आहे का? पण ते वाचावं लागतं.

टेकडीवरचं देऊळ खरं म्हणजे राजांचं नाहीच. ते रेमेदियूस सायबिणीचं, दुखण्याखुपण्यावर इलाज करणाऱ्या मारिया माउलीचं कपेल, म्हणजे छोटं चर्च आहे. वसईकरांना हे वेगळं सांगायला नको, त्यांची रमेदी माउली तीच. तीन राजांचं नाव चिकटलं ते ६ जानेवारीच्या फेस्तामुळे, म्हणजे सणामुळे. त्या दिवशी मागी बाळापर्यंत पोचले अशी परंपरा. कासावली, कुयेली आणि आरोशी या तीन गावांतून एकेक मुलगा राजा म्हणून निवडतात. आठ-दहा वर्षांची पोरं. जरीचे झगे, डोक्यावर मुकुट, खाली सजवलेला घोडा. तिघं तीन वेगळ्या वाटांनी टेकडी चढतात आणि वर कपेलाकडे एकत्र येतात. त्याआधी नऊ दिवस नव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना असते. घरात राजा होणं ही त्या घरासाठी केवढी गोष्ट असते ते गावात गेल्याशिवाय कळत नाही. पाहुण्यांची रीघ, परदेशातून रजा काढून आलेले काका-मामा, झगा शिवणाऱ्या शिंप्याकडे खेपा. माझी एक शेजारीण तिथली माहेरवाशीण. तिचा भाचा राजा झाला तेव्हा घोड्याला इतका भ्याला की वरपर्यंत त्याने दोन्ही हातांनी खोगीर घट्ट धरून ठेवलं, आणि लोकांकडे बघून हात हलवायचं राहूनच गेलं. आता तो जहाजावर नोकरी करतो. घरच्या लग्नाकार्यात हा किस्सा निघाला की अजून उठून बाहेर जातो.

हाच सण गोव्यात आणखी दोन ठिकाणी मोठा होतो. बार्देशात वेर्याजवळ रेइश मागूशला, जिथल्या किल्ल्याचं आणि चर्चचं नावच या मागींवरून आहे, आणि साष्टीत चांदरला, जिथे चांदर, कावोरी आणि गिर्दोली या गावांतले राजे येतात. तिथे मात्र भूत शोधायला कुणी जात नाही. मला वाटतं कारण साधं आहे. ती देवळं वस्तीत आहेत, तिथे रात्री दिवे असतात. कासावलीचं कपेल एकटं उंचावर आहे, आडदिवशी दार बंद असतं, आणि वारा सोसाट्याचा. एवढ्या भांडवलावर हा सगळा धंदा उभा आहे.

आणि वारा का असतो, तर समोर अडवायला काही नाही म्हणून. तिथे दिवसा जा. सांगायचं ते हेच आहे, आणि त्याबद्दल तुम्ही लोक चकार शब्द काढत नाही याचं मला खरोखर आश्चर्य वाटतं. गाडीरस्ता थेट वरपर्यंत आहे, पण जमलं तर अर्धी चढण तरी पायी चढा. जांभ्याचा सडा, पावसात हिरवागार, जानेवारीपर्यंत गवत पिकून सोनेरी झालेलं. वर पांढरंशुभ्र छोटं कपेल आणि भोवती मोकळं अंगण. पश्चिमेला समुद्र. वेळसांवपासून जी वाळू सुरू होते ती आरोशी, माजोर्डा, कोलवा करत दक्षिणेला पार मोबोरपर्यंत सलग जाते. तिच्या सुरुवातीचा लांबच लांब तुकडा इथून पायाखाली असतो. किनाऱ्याला लागून माडांची एवढी दाट रांग की आतली घरं दिसतच नाहीत, फक्त कौलांचे तांबडे ठिपके. मग शेतं, मग कासावलीचं गाव. आत डोकावून बघितलं तर रुळांवरून मालगाडी सरकताना दिसते आणि आवाज मात्र बऱ्याच वेळाने वर येतो. वास्कोकडे वळलं की दाबोळीचा विमानतळ, कारखान्याच्या चिमण्या, आणि लांब पाण्यात मुरगाव बंदरात शिरायची वाट बघत नांगरून पडलेली जहाजं. चिमण्या बघून काही लोक नाक मुरडतात, फोटोतून कापून टाकतात. मला त्या चालतात. या मुलखातली निम्मी घरं त्या बंदरावर आणि त्या कारखान्यांवर जगली आहेत, देखाव्यातून त्यांनाच का काढायचं?

संध्याकाळी सूर्य बुडायच्या आधी तासभर पोचलात तर पुष्कळ आहे. कॅमेरा घेऊन या, हवा तेवढा चालवा. एका हाताच्या अंतरावर आख्खी साष्टी दिसते आणि तुम्ही ती काळोखात बघायला येता!

व्हिडिओखाली आणखी एक प्रतिक्रिया ठरलेली असते, तिला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. 'तिथे देवळं पाडली होती, शाप लागणारच.' सोळाव्या शतकात या भागात देवळं पाडली गेली हे खरं आहे, आणि आपल्यातल्या कित्येकांच्या घरात ती आठवण कुलदैवतापाशीच ठेवलेली आहे. मंगेश मूळचा कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळशीची, म्हाळसा वेर्ण्याची. तिन्ही गावं या टेकडीपासून फार लांब नाहीत. रातोरात खाडी ओलांडून मूर्ती अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंड्याकडे नेल्या, म्हणून आज आपण मंगेशी, कवळे, म्हार्दोळला जातो. माझी कुलस्वामिनी त्यांतलीच एक आहे, तेव्हा हे दुःख मला परकं नाही. पण त्या इतिहासाबद्दल बोलायचं असेल तर सरळ त्याबद्दल बोला. ते जुनं दुखणं पुढे करून न झालेला खून कुणाच्या देवघरात नेऊन टाकायचा, याला इतिहास म्हणत नाहीत. आणि आज टेकडी चढणारी म्हातारी तेव्हा कुठल्या बाजूला होती? तिचे पूर्वजही याच गावांतले गावकार, याच मातीतले.

गोव्यातल्या लोकांनी हा हिशोब आपल्या पद्धतीने कधीच मिटवून टाकलाय. म्हापशाची मिलाग्रीस सायबीण ही शिरगावच्या लईराईची बहीण मानतात. तिच्या फेस्ताला हिंदू तेल घेऊन जातात. मुंबईकरांनाही हे नवीन नाही. वांद्र्याच्या टेकडीवर सप्टेंबरात मोतमावलीच्या जत्रेला कोळीवाडेच्या कोळीवाडे जातात. मेणाचा हात, मेणाचा पाय, मेणाचं बाळ वाहतात, आणि रांगेतला पुढचा-मागचा माणूस कुठल्या धर्माचा हे विचारायला कुणाला फुरसत नसते. तुमच्यापैकी निम्म्यांना त्यांच्या आजीने तिथे नेलं असेल. त्या टेकडीवर समुद्राचा वारा लागला तर ती मावलीची कृपा, आणि कासावलीला लागला तर होल्गर?

आणखी एक बाब, मराठी म्हणून जास्तच बोचते. याच साष्टीत राहून फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचलं. ते १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं. जन्माने परका माणूस इथे येऊन ओवी शिकला, आणि आपली गोष्ट इथल्या लोकांना त्यांच्या छंदात सांगितली. चारशे वर्षांनी तिथे मराठी कानावर येते ती 'मित्रांनो, माझी तर फाटली' एवढीच.

आता गावाकडे वळते. त्या टेकडीखाली माणसं राहतात. रात्री एक-दीडला चार गाड्या आरडाओरडा करत चढल्या की कुत्री भुंकायला लागतात, लहान मुलं उठतात, सकाळी अंगणात बाटल्यांच्या काचा सापडतात. ज्यांना सहाची बोट पकडायची असते, पहाटे पाव भाजायचे असतात, त्यांची झोप तुमच्या पाच मिनिटांच्या थराराला गेलेली असते. आणि एवढं करून त्यांनाच तुम्ही कॅमेऱ्यासमोर विचारता, 'काका, रात्री काही दिसतं का हो?' दिसतं ना. रुळ दिसतात. बंदरावरून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जाणारा कोळसा, आणि त्याच मार्गाचं दुपदरीकरण, यावरून वेळसांव-कासावलीच्या पट्ट्यातली माणसं वर्षानुवर्षं भांडताहेत. घराच्या भिंतीपासून रुळ किती फुटांवर येणार हा त्यांचा काळजीचा विषय आहे. तो एकदा विचारून बघा, काका अर्धा तास बोलतील. चहाही देतील.

भुताखेतांची एवढीच आस असेल तर कोकणाने तुमची कधी निराशा केली आहे का? आमच्याकडे देवचार आहे, राखणदार आहे. वेशीवर त्याला रोट-विडा ठेवतात, वाट चुकलेल्याला तो घरापर्यंत सोडतो म्हणतात. त्याच्या जागेत जाताना चपला काढतात, आवाज खाली येतो, गाऱ्हाणं घातलं जातं. माझ्या आजोबांनी राखणदाराच्या जागेत कुणाला खाकरूसुद्धा दिलं नसतं. जागा आपली असो की दुसऱ्याची, ही रीत आपल्याला घरातूनच मिळालेली आहे. टेकडीवर येताना ती घाटावरच का राहते?

तेव्हा मागणं काय आहे ते सांगते. जुने व्हिडिओ काढून टाका असं म्हणणार नाही, ते तुम्ही करणार नाही हे मला माहीत आहे. पण शीर्षकातलं 'भूतबंगला', 'शापित चर्च' हे शब्द तरी काढा आणि वर्णनात दोन ओळी घाला, की तीन राजांची ही विषाची गोष्ट मनगढंत आहे आणि जागा प्रार्थनेची आहे. ज्यांनी वर रात्र काढायची पैज लावणारे व्हिडिओ केलेत त्यांनी पुढचा भाग करू नये. दारू पिऊन बाटल्या फोडायला तर अजिबात येऊ नका. पर्यटनस्थळी उघड्यावर पिणं आणि बाटल्या फोडणं याला गोव्यात दंड आहे. मला स्वतःला दंडापेक्षा लाज जास्त उपयोगी वाटते, पण ज्याला जे समजेल ते. ड्रोनचं म्हणाल तर दाबोळीचा विमानतळ मुळात नौदलाचा, आयएनएस हंस. तेव्हा 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोनबंदीचा नकाशा बघितल्याशिवाय ड्रोन पेटीतून काढू नका, नाहीतर खरे सैनिक दिसतील.

आणि फेस्ताला या. ६ जानेवारीला सकाळीच पोचा. वास्को–मडगाव लोहमार्गावर कासावली स्टेशन आहे, लोकलने आलात तर उत्तम. गाडी आणलीत तर गावातच लावा, त्या दिवशी चढणीच्या वाटा घोड्यांच्या आणि चालणाऱ्यांच्या असतात. मीस, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, चालू असताना कॅमेरा खाली ठेवा, आत जायचं असेल तर खांदे-गुडघे झाकलेले असू द्या. नंतर कुणीही अडवणार नाही. मेणबत्ती लावा, फेस्ताच्या बाजारात खाजं आणि चणे घ्या, बँड ऐका. राजे झालेल्या मुलांच्या तोंडावर कॅमेरा नेऊ नका. झग्यात घामाघूम झालेली, घोड्यावर कशीबशी बसलेली लहान मुलं आहेत ती. फोटो हवा असेल तर आधी त्यांच्या आईवडिलांना विचारा. बहुतेक वेळा हो म्हणतात, आणि वर जेवायलाही बोलावतात. बोलावलं तर जा.

तसा व्हिडिओ कुणी केला तर माझ्या इमारतीतल्या गटात मी तो पहिली टाकीन, आणि तुमच्या 'भयानक जागां'च्या पाच व्हिडिओंना मिळून आल्या नाहीत एवढ्या प्रतिक्रिया एकट्या कासावलीतून येतील, कारण परदेशी गेलेलं निम्मं गाव त्या दिवशी फोनला डोळे लावून बसलेलं असतं.

आपली,
वास्कोतली एक प्रेक्षक